काडी टोचतेय

मला एका शब्दाची भीती बसली आहे, आणि माझ्या धंद्यात तो शब्द दिवसातून दहा वेळा कानावर येतो. टोचतंय. गिऱ्हाईक पायरी चढतं, चष्मा काढून काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, काडी टोचतेय हो. पूर्वी मी मान वर करूनसुद्धा बघायचो नाही. आता चष्म्याकडे हात जाण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या कानशिलाकडे बघतो.

नारायण पेठेत माझं चष्म्यांचं दुकान आहे. इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला पायरीवर थांबावं लागतं. तशी पाटीच लावली आहे: "एकाने आत यावे. दुसऱ्याने पायरीवर विचार करावा." काम सोपं आहे. घसरतंय म्हटलं की काडी आत घ्यायची, टोचतंय म्हटलं की बाहेर सोडायची. गरम हवेच्या झोतावर धरायची, नरम पडली की अंगठ्याने जरासा दाब द्यायचा आणि पुन्हा कानावर चढवून बघायची. बत्तीस वर्षं मी हेच केलं. यात डोकं लागतं ते गिऱ्हाइकाचं, माझं नव्हे.

पण इतकी वर्षं काड्या वाकवल्यावर त्या बोलायला लागतात. आडवं पडून वाचणाऱ्याची एका बाजूची काडी फाकलेली असते. एका हाताने ओढून चष्मा काढणाऱ्याची त्याच हाताची काडी सैल होते. सारखा कपाळावर चढवणाऱ्याच्या दोन्ही फाकतात. एकदा दुकानात नावांच्या चिठ्ठ्यांची सरमिसळ झाली आणि अकरा चष्मे बेवारस झाले. नुसत्या काड्या बघून मी ते ज्याचे त्याला दिले, एकही चुकला नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती सुरू झाली की माझी बायको कुकर लावायला उठते.

म्हणून खराडीतल्या एका कंपनीची इंजिनिअर मुलगी दुकानात आली आणि तिने आपला जाडसर काड्यांचा चष्मा माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मला हसूच आलं. तिशीची असेल, मूळची वर्ध्याकडची, राहायला मांजरीत. तिने सांगितलं की या चष्म्याच्या काडीत, बिजागरीपाशी, केसासारखी बारीक पट्टी बसवली आहे. काडी किती वाकली ते ती मोजते. प्रत्येकाचं डोकं वेगळं, कानांची उंची वेगळी, चष्मा घालायची ढबही वेगळी, त्यामुळे काडी प्रत्येकाला वेगळी वाकते, आणि तेवढ्यावरून चष्म्याला कळतं की आपल्याला कोणी घातलंय. मालकाने घातला तरच तो त्याचे निरोप आणि समोरचं छापलेलं वाचून दाखवतो, परक्याला काही वाचून दाखवत नाही. मी म्हणालो, हे मी बॅटरीशिवाय करतो. ती म्हणाली, म्हणूनच आले काका.

तिला साठी ओलांडलेली माणसं हवी होती, चार-सहा महिने घरी चष्मा घालून बघायला. बायको लगेच तयार झाली. ती शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त आहे. रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही, आणि कोड्याची अक्षरं दरवर्षी बारीक होत चालली आहेत असा तिचा संपादकांवर आरोप आहे. चष्मा छापलेलं वाचून दाखवतो हे ऐकून तिने पुढचं काही विचारलंच नाही.

इंजिनिअर मुलीने एक अट मात्र घातली. काड्यांना मी हात लावायचा नाही. घट्ट वाटो, सैल वाटो, जरा काही वेगळं झालं तर तिला फोन करायचा. मी हो म्हणालो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या, हे तिला कुठे माहीत.

चष्म्याला आवाज होता. बायकोने घातला की काडीतून हळूच यायचं, "ओळख पटली." बायकोने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "अहो, हे तर पेपरात बेवारस प्रेताबद्दल छापतात तसं बोलतंय." तिने इंजिनिअर मुलीला फोन करून नुसतं 'नमस्कार' ठेवा म्हणून सुचवलं. मुलीने लिहून घेतलं आणि पुढे काही झालं नाही.

मी घातला की तो म्हणायचा, "ओळख पटली नाही." मी ते आव्हान समजलो. कानामागे कापसाचे बोळे ठेवले, डोक्याला मफलर गुंडाळून बघितला, तिच्यासारखा एका हाताने घालून बघितला. ती चष्मा घालायची ती उजव्या हाताने, काडी धरून, नजर कोड्यावरच ठेवून, अगदी न बघता. मला ते जमलं नाही. चष्मा प्रत्येक वेळी नाही म्हणाला आणि ती प्रत्येक वेळी हसली. दोन महिने आमच्या घरात या खेळावर फार मजा आली. ते दिवस आता आठवले की मला धास्ती वाटते, कारण आजार तेव्हा तिच्या अंगात शिरला होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी चष्मा तिला म्हणाला, "ओळख पटली नाही." तिने काढला, पुन्हा घातला. तेच. मी चहा घेत होतो. ती म्हणाली, "बघा हो जरा, उजवी काडी टोचतेय."

मी बघितलं. काड्या सरळ होत्या. पण टोचतंय म्हटल्यावर माझ्या अंगठ्याला दुसरं काही सुचत नाही. फोन करायचा हे मला आठवलं, आणि तेवढ्यासाठी कशाला त्या पोरीला त्रास, असंही मीच ठरवलं. चष्मा दुकानात नेला, उजवी काडी जराशी बाहेर सोडली. घरी आल्यावर 'नवी नोंद' म्हणून एक बटण होतं ते दाबलं, तिला पाच वेळा चष्मा घालायला-काढायला लावला. सहाव्या वेळी चष्मा म्हणाला, ओळख पटली. ती म्हणाली, आता बरं वाटतंय. मला माझ्या हाताचा अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा टोचायला लागलं. पुन्हा सोडली, पुन्हा नोंद केली. फेब्रुवारीच्या शेवटी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मी तिच्यावर थोडा खेकसलोही. तू एका हाताने ओढतेस म्हणून काडी बिघडते, असं म्हणालो. वास्तविक ती तेव्हा एका हाताने घालतच नव्हती. मी बघितलंच नव्हतं.

त्याच सुमाराला ती भाकरी अर्धी ठेवून उठायला लागली होती. चावताना जबडा दमतो म्हणायची. दात असतील, असं दोघांनीही ठरवलं आणि दाताच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. वेणी सैल घालायची. उशी बदलून मागितली होती. यातली एकेक गोष्ट मला माहीत होती, पण ती वेगवेगळ्या कप्प्यांत पडली होती.

मार्चमध्ये एका दुपारी दुकानात इंजिनिअर मुलीचा फोन आला; चष्म्याचं मोजमाप रोज आपोआप तिच्याकडे जात होतं. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "काका, रागावू नका, एक विचारते. तो चष्मा कोणी दुसरं घालून राहिलं का?"

मी रागावलोच. आमच्या घरात दोनच डोकी आहेत आणि त्यातलं एक तुमच्या चष्म्याला चालत नाही, असं ऐकवलं.

"मग काकू बऱ्या आहेत ना?" ती म्हणाली. "कारण हा पॅटर्न काकूंचा नाही राहिला. आधी त्या एका हातानं घालत होत्या. आता दोन हातांनी फाकवून घालून राहिल्या. उजवी काडी टेकूच देत नाहीत. आणि मधे तीनदा काडी एकदम ढिली झाली, ते कसं झालं ते आम्हाला कळून नाही राहिलं."

ते मी केलं, असं मी म्हणालो. त्यावर ती एवढंच म्हणाली, काकूंना आत्ताच बघा.

दुकान भर दुपारी उघडं टाकून मी निघालो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. घर सदाशिव पेठेत, चालत दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी स्वतःला शंभर वेळा समजावलं की यंत्रच ते, बिघडलं असेल. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की चष्मा बिघडतो, डोकं बिघडत नाही.

ती खिडकीपाशी बसली होती. मी म्हणालो, चष्मा घालून दाखव. तिला वाटलं पुन्हा खेळ सुरू झाला. तिने दोन्ही हातांनी काड्या धरल्या, डोक्यापेक्षा रुंद फाकवल्या आणि झोपलेल्या बाळाला टोपडं घालावं तितक्या हळू, डोळे किंचित मिटून, चष्मा खाली आणला. उजवी काडी कानशिलाला लागू नये म्हणून तिने मान डावीकडे कलती केली. किती दिवस ती हे रोज सकाळी माझ्यासमोर करत होती कुणास ठाऊक.

मी तिच्या उजव्या कानशिलावर बोट ठेवलं. कातडीखाली सुतळीसारखं काहीतरी लागलं, जाड आणि टणक. तिने माझा हात झटकून टाकला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिने माझा हात असा कधी झटकला नव्हता.

"काडी नाही हो टोचत," ती म्हणाली. "तिथेच दुखतं. काडी लागली की जास्त दुखतं, एवढंच."

मग मी न विचारताच तिने सांगितलं की सकाळी कोडं सोडवताना उजव्या डोळ्यावर कुणीतरी पडदा ओढल्यासारखं झालं होतं. दोन मिनिटांत गेलं. मला का नाही सांगितलंस, मी म्हणालो. तर म्हणे, तुम्ही लगेच नंबर तपासायला बसवलं असतं.

ज्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फोन लावला. कानशील, जबडा, पडदा, एवढे तीन शब्द ऐकल्यावर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. आहात तसे निघा, म्हणाले, जेवायलाही थांबू नका. एरवी हे गृहस्थ दर वाक्याला एक कोटी करतात. त्या दिवशी केली नाही, आणि मला खरी भीती तिथे वाटली.

रिक्षा मिळाली. लक्ष्मी रस्त्याला गर्दी होती, दुपारीही होती. मला काय करावं सुचेना, तेव्हा जे येतं तेच केलं. तिला म्हणालो, डावा डोळा हाताने झाक आणि उजव्याने पाट्या वाच. ती वाचायला लागली. साड्यांचं दुकान, भांड्यांचं दुकान. एका बंद दरवाजावरची पाटी तिने शाळेत वाचावी तशी ठासून वाचली: "येथे वाहन लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल व परत भरून मिळणार नाही." वर म्हणाली, 'चाकांतील' हवं, अनुस्वार खाल्लाय. रिक्षावाला हसला. मीही हसलो. जोवर ती वाचतेय तोवर ठीक आहे, असा मी मनाशी हिशोब धरला होता.

सिग्नलला रिक्षा थांबली. समोर एका क्लासची मोठी पाटी होती, पिवळ्यावर काळी अक्षरं. ती गप्प होती. मी म्हणालो, वाच ना.

"खालची ओळ दिसतेय," ती म्हणाली. "वरची लिहिलीच नाही का?"

वर तीन ओळी लिहिलेल्या होत्या. सिग्नल सुटला, रिक्षा पुढे गेली. पुढच्या पाटीला तिने मान हलवली आणि हात डाव्या डोळ्यावर तसाच ठेवून मला विचारलं, "पाटी कुठे आहे?" पाटी रिक्षाच्या तोंडासमोर होती. मी तिचा हात डोळ्यावरून खाली घेतला आणि धरून ठेवला. रिक्षावाल्याने न सांगता हॉर्नवर हात ठेवला तो दवाखान्यापर्यंत काढला नाही.

डॉक्टरांनी आत घेतलं. कधीपासून दुखतंय, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, "दीड-दोन महिने झाले असतील. पण हे काडी सैल करून द्यायचे ना, की बरं वाटायचं." हे ती माझं कौतुक म्हणून सांगत होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे.

कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आली होती. ती सूज डोळ्याचं रक्त तोडते. आपल्याकडे विरळा दिसतो हा आजार, ते म्हणाले, पण एक डोळा गेला की दुसरा जायला वेळ लागत नाही, म्हणून डाव्यासाठी आत्ताच औषध सुरू करायचं. त्याच संध्याकाळी तिला हॉस्पिटलात सलाईनमधून स्टेरॉइड सुरू झालं. पुढे कानशिलाच्या नसेचा बारीक तुकडा काढून तपासला, निदान पक्कं झालं. उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी कसलंही आश्वासन दिलं नाही, आणि तो परत आला नाही.

तीन दिवस ती तिथे होती. दुकानातला वाचायचा तक्ता मी खिशात घालून नेला होता. दर तासाला तिच्यासमोर धरायचो. ती पहिला शब्द उच्चारेपर्यंत तक्ता खाली घ्यायचो नाही. एकदा पाणी पिताना ती अर्धं मिनिट उगाच गप्प राहिली तर मी नर्सला हाक मारायला धावलो. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, मी मेले तरी तुम्ही तक्ता वाचायला लावाल. पण डावा डोळा शेवटची बारीक ओळसुद्धा वाचत होता. तो वाचला.

घरी आल्यावर इंजिनिअर मुलगी भेटायला आली. मोसंबी घेऊन आली होती आणि बोलता बोलता तिचेच डोळे भरून येत होते. मी तिला म्हणालो, मला ते मोजमाप दाखव. ती नको म्हणत होती. मी हट्ट धरला. तिने लॅपटॉप उघडला. एक रेघ होती. जानेवारीत ती हळूहळू वर चढू लागली होती, आणि मग एकदम खाली पडली होती. पुन्हा चढली, पुन्हा पडली. तीनदा. रेघ जिथे जिथे ओरडायला लागली होती, तिथे तिथे मी माझ्या अंगठ्याने तिचं तोंड दाबलं होतं.

"आम्ही पण ते चूक समजून सोडूनच देत होतो, काका," ती म्हणाली.

तिला वाटलं याने मला बरं वाटेल. मी तिला एकच विनंती केली. माझ्या तिन्ही नोंदी पुसून पहिल्या दिवशीची नोंद चष्म्यात परत घाल, आणि ती तशीच राहू दे. तिने का म्हणून विचारलं नाही.

गोळ्यांनी बायकोचा चेहरा वाटोळा झाला. असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला विचारलं, कुणाकडे आलात? तिने दारात येऊन मला सांगितलं आणि पोटभर हसली. चहा ओतताना तिची धार अजून कपाबाहेर जाते, कारण एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. ती फडकं शेजारीच ठेवते.

गेल्या आठवड्यात ती चष्मा हातात घेऊन म्हणाली, टोचतंय. माझ्या हातातला पेपर खाली गेला. कुठे, मी विचारलं. दोन्हीकडे सारखंच, ती म्हणाली, गाल आलेत ना वर. मी दोन्ही कानशिलं चाचपली. तिचा उजवा डोळा उगीचच झाकला आणि डाव्याने समोरच्या इमारतीची पाटी वाचायला लावली. मग डॉक्टरांना फोन केला. ती खुर्चीत शांत बसून हे सगळं होऊ देत होती.

"अहो," शेवटी ती म्हणाली, "या वेळी खरंच काडीच टोचतेय."

तरी काडी गरम करण्याआधी मी तिला तीनदा विचारलं, नक्की? दुकानातही आता तसंच होतं. कुणी टोचतंय म्हणालं की मी आधी विचारतो, काडी की डोकं? जबडा दुखतो का? केस विंचरताना? लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. वाटू दे.

सकाळी मी पेपर तोंडासमोर धरून बसतो, पण वाचत नाही. ती आता पुन्हा एका हाताने चष्मा घालते, उजव्याच, कोड्यावरची नजर न काढता. काडीतून आवाज येतो, "ओळख पटली नाही." येणारच, चेहरा बदललाय. दोन्ही डोळ्यांनी बघणारी, काही टोचत नसलेली माझी बायको आता फक्त त्या काडीतल्या नोंदीत आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही. चष्मा बिघडलाय, एवढंच म्हणालो होतो.

काल आवाज आला तेव्हा ती पेन्सिलीला टोक करत होती.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "तुम्ही नोंद बदलू नका."

मग तिने आडव्या शब्दांतला पहिला मला वाचून दाखवला, चार अक्षरी.